सतरा नंबरचा उपसा

गल्लीत अठ्ठावीस घरे होती. एकोणीस घरांना कुलपे होती, पाच घरांना कुलूप लावायला दारच उरले नव्हते, तीन घरांची गोदामे झाली होती आणि एका घरात माणूस राहत होता. रस्त्यावर दिवे सात, त्यांतला लागणारा एक. बोअर अकरा. त्यांतल्या दहा बोअरच्या पाइपांना लाल रंग फासलेला होता, म्हणजे हे पाणी पिऊ नये. अकरावी त्या एका राहत्या घराच्या अंगणात होती. प्रयोगशाळेच्या यादीत तिचा नंबर सतरा होता आणि तिच्या पाइपावर हिरवा पट्टा होता.

ही मोजदाद तिने पहिल्याच फेरीत केली होती. कुणी करायला सांगितली नव्हती. विज्ञानाची पदवी घेऊन या शहरात नोकरीला येऊन तिला तेव्हा नऊ दिवस झाले होते, आणि अनोळखी जागी गेले की आधी मोजून घ्यायचे, मग घाबरायचे, अशी तिची लहानपणापासूनची पद्धत होती. भूजल प्रयोगशाळेत तिचे पद ‘नमुना सहायक’ होते. काम सरळ होते : कारखान्यांच्या भागातल्या चाळीस बोअरचे पाणी दर महिन्याला बाटल्यांत भरून आणायचे आणि त्यात क्रोमियम किती आहे ते तपासायचे. एका लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याच्या वर गेले की लाल रंग. गाडीचा ड्रायव्हर तिला नुसताच ‘नमुना’ म्हणे. तो शब्द तो कोणत्या अर्थाने वापरतो हे विचारायचे तिने टाळले होते.

सतरा नंबरच्या घरातले गृहस्थ मुलामेवाले होते. गल्लीच्या टोकाला, आता बंद पडलेल्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे नळांच्या तोट्यांवर आणि सायकलींच्या हँडलांवर क्रोमचा मुलामा चढवला होता. कारखाना बंद झाला, पण त्याच्या हौदांतून जे जमिनीत झिरपले होते ते खाली तसेच राहिले आणि दरवर्षी थोडे थोडे सरकत एकेका बोअरमध्ये पोचले. बोअर लाल झाली की तिच्या पंपाची वीज तोडली जाई आणि महिन्याभरात घराला कुलूप लागे. नळाची लाइन इथवर आलीच नव्हती, आणि आता एका घरासाठी ती कोण टाकणार?

पहिल्या दिवशी हे मुलामेवाले काका अंगणात हाताची घडी घालून उभे होते.

“पाणी प्यायला आलीस की मोजायला?”

“मोजायला.”

“बरं. मग मोजून झाल्यावर पी.”

बोअरमध्ये उभे राहिलेले पाणी शिळे असते. ते तसेच बाटलीत भरले तर पाइपाची तपासणी होते, जमिनीतल्या पाण्याची नाही. म्हणून आधी पंप लावून, वीज तोडलेल्या बोअरमध्ये गाडीतला पंप सोडून, ते सगळे बाहेर काढायचे. याला उपसा म्हणतात. बोअरमध्ये मावते त्याच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्यायचे आणि मग नमुना घ्यायचा. सतरा नंबरसाठी तिने हिशेब मांडला होता : तिप्पट म्हणजे अकराशे साठ लिटर, काकांचा पंप मिनिटाला त्र्याऐंशी लिटर टाकतो, म्हणजे चौदा मिनिटे. तिच्या आधीच्या सहायकाच्या नोंदवहीतही चौदाच होती.

चौदा मिनिटे म्हणजे नीट उभे राहायला जास्त आणि बसायला कमी. पहिल्या दोन फेऱ्यांना ती उभी राहिली. तिसऱ्या फेरीला काकांनी दोन खुर्च्या बाहेर काढल्या.

“बस. तू उभी राहिलीस म्हणून पंप काही लवकर ओढत नाही.”

मग ते हौदाबद्दल सांगू लागले. आंघोळीला घालावे तसे सामान तारांना टांगून हौदात सोडायचे. पाणी नारिंगी, गडद. त्याची वाफ नाकात जायची. “माझं नाक माझ्या चार वर्षं आधी निवृत्त झालं,” काका म्हणाले. “आता मला वास नावाचा प्रकार कळत नाही. दूध नासलंय का हे मी शेजारणीला विचारायचो. मग शेजारीण गेली. आता दूध आणतच नाही.” ही गोष्ट चालू असतानाच चौदा मिनिटे झाली. बोलणाऱ्याला अर्ध्यावर तोडून उठणे तिला बरे वाटले नाही. तिने सतराव्या मिनिटाला बाटली भरली. नोंदवहीत सतरा लिहिले.

पुढच्या महिन्यात चहा होता.

“साखर किती?”

“एक चमचा.”

“भरून की सपाट?”

“सपाट.”

“शास्त्रज्ञ आहेस खरी.”

चहा गरम होता. पंप बावीस मिनिटे चालला.

तिला हे कळत नव्हते असे नाही. पण तिच्या पुस्तकात ‘किमान तिप्पट’ असे लिहिले होते, आणि त्या ‘किमान’ या शब्दात ती पाय पसरून बसली. जास्त उपसल्याने काय बिघडणार? पाणी ताजेच येणार. महिन्यातून एकदाच तर जायचे.

बाकीच्या महिन्याचे असे होते, की ती बॅटऱ्या भरून देणाऱ्या दुकानाच्या वर एका खोलीत राहायची. खोलीत एक खिडकी, एक टेबल, एक पलंग, भिंतीत सहा खिळे. त्यांतले चार आधीच्या भाडेकरूचे. मालक वर येत नसे. प्रयोगशाळेत सहा जण होते, पण सगळे आपापल्या यंत्रांसमोर आणि कानांत गाणी. ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून सीट मागे पाडून झोपे. रविवारी आईचा फोन यायचा. आई भावाकडे होती आणि भावाचे बाळ नेमके तेव्हाच रडायचे. “जेवलीस ना? थांब हं, हा बघ कसा करतोय, नंतर करते,” असे म्हणून आई फोन ठेवायची. एका मंगळवारी तिने दिवसभरात आपण किती शब्द बोललो ते मोजले. एकतीस. त्यांतले अकरा बसच्या कंडक्टरशी. ते मोजल्यावर तिला वाटले, हे मोजायला नको होते.

काकांकडे तिचे शब्द मोजता येत नसत. ती तिथे बडबड करायची. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांबद्दल, भावाच्या बाळाबद्दल, जमिनीखाली पाणी कसे वाहते त्याबद्दल. ते एखाद्या तळघरातल्या तळ्यासारखे एका जागी नसते, खडकाच्या फटींतून चालत असते, दिवसाला वीतभर, कधी बोटभर.

“म्हणजे माझ्यापेक्षा जोरात,” काका म्हणायचे.

काका तिला ‘बाटलीवाली’ म्हणायचे. ती गल्लीत शिरली की अंगणातून हाक यायची, “आली का बाटलीवाली! रिकाम्या घेऊन येते, भरून नेते, वर कागद देते.”

पाणी चालणारे असेल तर त्या कागदावर हिरवा शिक्का असे, नसेल तर लाल, आणि त्यावरच सगळे अडले होते. काकांची लेक दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर राहत होती आणि बाबांनी तिकडे यावे म्हणून तीन वर्षे मागे लागली होती. शेवटी बापलेकीत ठरले होते : कागदावर लाल शिक्का आला त्या दिवशी ती येऊन बाबांना घेऊन जाईल आणि बाबा चकार शब्द काढणार नाहीत. तोवर तिने हा विषय काढायचा नाही.

“तिकडे काय वाईट आहे?” बाटलीवालीने एकदा विचारले होते.

“वाईट काहीच नाही. जावई देवमाणूस आहे. माझ्यासाठी खोलीत पंखा बदलून घेतला. पण तिथे मी पाणी प्यायला उठलो तरी चौघं विचारतात, काय हवंय बाबा. इथे मी या गल्लीचा मालक आहे. अठ्ठावीस घरं. पहारा देतो मी.”

“अकरा बोअरपण.”

“अकरा बोअरपण. पगार नाही, एवढंच.”

वर्षाच्या अखेरीस अहवाल करायचा असतो. प्रत्येक बोअरचा वर्षभराचा आलेख काढायचा आणि वर जाणारे, खाली येणारे वेगळे करायचे. तिने गल्लीचे आलेख एकाखाली एक लावले. सतराच्या एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला अठरा. दोन्ही लाल, दोन्ही वर चाललेल्या. सोळा ०.०७१ वर, अठरा ०.०६६ वर. आणि मधली सतरा खाली येत होती. वर्षाच्या सुरुवातीला ०.०४६, आता ०.०१९.

तिला आधी आनंदच झाला. दोन वाईट शेजाऱ्यांच्या मध्ये एक चांगली बोअर, तीही दर महिन्याला आणखी चांगली होणारी! खाली चिकणमातीचा थर असेल का? काळ्या खडकाची आडवी भिंत? यावर एखादा छोटा लेख होईल. मागच्याच फेरीला तिने काकांना सांगितले होते की तुमची बोअर खास आहे, आणि काकांनी तिच्यासमोरच लेकीला फोन लावून सांगितले होते, “ऐक, सरकारी शास्त्रज्ञ म्हणतायत, माझी बोअर खास आहे.”

मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंनी आलेख हातात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहिला. त्यांना प्रयोगशाळेत सगळे नुसते ‘बाई’ म्हणत. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते आणि कुणाचेही कौतुक करून उगाच सवय लावायची नाही असा त्यांचा बाणा होता.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. “खडकाला दोष देण्याआधी स्वतःची वही बघ.”

तिने यंत्र तपासले. यंत्र ठीक होते. प्रत्येक दहावा नमुना दोनदा घेतात, ते जोड नमुने पाहिले, जुळत होते. प्रत्येक फेरीत कोऱ्या पाण्याची एक बाटली नेतात, शुद्ध पाणी भरलेली, जिचा आकडा शून्यच यायला हवा. तो शून्यच होता. मग ती फेरीच्या नोंदवहीकडे वळली. तारीख, वेळ, नळ, हवा, उपसा. सतरा नंबर : चौदा, चौदा, सतरा, बावीस, पंचवीस, सव्वीस, तीस, छत्तीस, चाळीस, चाळीस, त्रेचाळीस, पंचेचाळीस. बाकी एकोणचाळीस बोअरचे आकडे वर्षभर हलले नव्हते.

तिने नवा कागद घेतला. आडव्या रेघेवर उपशाची मिनिटे, उभ्या रेघेवर क्रोमियम. बारा ठिपके मांडले. पट्टी न लावताही ते एका ओळीत होते. डावीकडे वर, उजवीकडे खाली.

काकांच्या बोअरच्या एका अंगाला कारखान्याचे जुने आवार होते, दुसऱ्या अंगाला अर्ध्या किलोमीटरवर तळे. थोडा वेळ पंप चालवला तर जवळचे पाणी येते. चालवत राहिले की आसपासचे संपते आणि मग मोठ्या फटींत तळ्याकडून झिरपून साठलेले पाणी ओढले जाते. चांगले पाणी. ती ते बाटलीत भरून आणत होती. काका मात्र रोज सकाळी पाच मिनिटे पंप लावून पिंप भरत. पाच मिनिटांत तळे येत नाही.

पेन्सिल खाली ठेवून ती त्या कागदाकडे बघत राहिली. बाराच्या बारा ठिपके तिचे होते. खडक काही खास नव्हता. ती बसून राहिली होती.

बाईंनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले.

“चूक कुणाची?”

“माझी.”

“शोधली कुणी?”

“मीच.”

“हं. मग हिशेब फिटला. जा, परत नमुना घे. चौदाला एक आणि पंचेचाळीसला एक, एकाच दिवशी. मध्ये दर पाच मिनिटांनी क्षार मोज. आणि वहीत शेऱ्याच्या रकान्यात आधीच्या फेऱ्यांचं कारण लिही. कारणाशिवाय मी सही करत नाही.”

तिने तिथेच उभ्याने लिहिले : ‘नमुना घेणारी बसून राहिली.’

बाईंनी वाचले. चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला, पुन्हा वाचले आणि खाली सही केली. “माझ्या पहिल्या वर्षी,” त्या म्हणाल्या, आणि वही मिटून तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा ड्रायव्हरने घड्याळ पाहिले. “आत्ताच तर येऊन गेलीस. अकरा दिवस झाले फक्त. काय नमुना, पाणी सांडलंस का?”

“हो,” ती म्हणाली.

अंगणातून हाक आली. “बाटलीवाली? आज? माझी आठवण आली की बोअरची?” काका आत वळलेसुद्धा. भांड्याचा आवाज आला.

“काका, चहा नको.”

आवाज थांबला. काका दारात आले. त्यांच्या हातात चिमटा होता. चौतीस वर्षे रंगावरून हौदाची तब्येत ओळखणाऱ्या माणसाला तिच्या चेहऱ्यावरचे ओळखायला वेळ लागला नाही.

“नको, की आज नको?”

“या पाण्याचा नको.”

तिने सगळे सांगितले. उभ्या उभ्या, सरळ, न थांबता. चौदा मिनिटे, पंचेचाळीस मिनिटे, तळे, बारा ठिपके. तिचे झाल्यावर काका खुर्चीवर बसले.

“म्हणजे माझ्या गप्पांमुळे पाणी स्वच्छ झालं.”

“माझ्या बसण्यामुळे. स्वच्छ झालं नाही, स्वच्छ दिसलं.”

“मग त्यात एवढं काय अवघड आहे? मी रोज पंचेचाळीस मिनिटं चालवतो. आधीचं सगळं गटारात, मग माझं पिंप.”

“आज पंचवीस मिनिटांनंतर तळ्याचं पाणी येतंय. पुढच्या वर्षी चाळीस मिनिटांनंतर येईल. त्याच्या पुढच्या वर्षी येणारच नाही. तुम्हाला वरून कळणार कसं?”

“तू येशीलच की मोजायला.”

तिलाही नेमके तेच हवे होते, आणि हवे होते म्हणूनच हे झाले होते. ती म्हणाली, “आणि कागदावर काय लिहू? ‘पिण्यास योग्य, पंचेचाळीस मिनिटे गप्पा मारल्यास’?”

काका मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर ते हसत नव्हते.

“लाव पंप,” ते म्हणाले.

तिने खटका दाबला. पाइपातून आधी हवा, मग पाणी आले आणि गटाराकडे पळाले. तिने वेळ लिहिली. दुसरी खुर्ची रिकामी होती. ती बसली नाही. नळाशी उकिडवी होऊन तिने हातातले मीटर धारेत धरले. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा त्यावर दिसतो, आणि तळ्याचे गोडे पाणी मिसळू लागले की तो उतरतो. पाचव्या मिनिटाला १३४०.

सातव्या मिनिटाला काकांचा फोन वाजला. काका फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत.

“बाबा, काय करताय?”

“बसलोय. बाटलीवाली आलीये.”

“आत्ता? महिना कुठे झालाय? काही झालं का? बाबा, मॅडमना द्या जरा.”

“ऐकू येतंय तिला. बोल.”

“मॅडम, नमस्कार. पाणी ठीक आहे ना? हे मला कधी धड सांगत नाहीत. मागच्या वेळी म्हणाले खास आहे. खास म्हणजे काय हो?”

ती मीटरकडे बघत होती. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते रस्त्याकडे बघत होते, कुलपांच्या बाजूला.

“मागच्या वेळी माझं चुकलं होतं,” ती म्हणाली. “आज परत घेतेय. उद्या संध्याकाळी आकडा कळेल.”

मग लेक हळू आवाजात म्हणाली, “बाबा?”

“ऐकलंस ना. उद्या. ठेव आता, तुझं ऑफिस असेल.”

फोन खिशात गेला. दहाव्या मिनिटाला १३४५.

“तुला ते जिन्याच्या कठड्याचं सांगितलं का मी?” काका म्हणाले.

“नाही.”

“एका बँकेचं काम आलं होतं. जिन्याचा कठडा, वीस फूट लांब, अखंड. आमचा हौद आठ फुटांचा. साहेब म्हणाले, परत पाठवा. मी म्हटलं, थांबा. तो कठडा आम्ही आधी एका टोकाने उभा सोडला, मग उलटा केला, मग मधला भाग राहिला. त्या मधल्या भागासाठी मी रात्रभर विचार केला, आणि सकाळी काय सुचलं माहितीये, मी साहेबांना म्हटलं, आपण हौद...”

चौदा मिनिटे झाली होती. ती उठली. काकांचे तोंड उघडे होते, हात हवेत होता, हौदाची लांबी दाखवायला वर गेलेला. तिने बाटली उघडली, तीनदा त्याच पाण्याने विसळली, काठोकाठ भरली, झाकण लावले. चिठ्ठीवर लिहिले : १७, उपसा १४ मि. क्षार १३४२.

मागे काकांचा हात खाली आला.

“सांगा ना,” ती पाठमोरीच म्हणाली. “हौद काय केलात?”

“काही नाही. केला काहीतरी.” खुर्चीचा आवाज आला. “तुझं काम कर तू. मी जरा आत आहे.”

दार लागले नाही, नुसते लोटले गेले.

पंप चालू होता. अजून एकतीस मिनिटे होती. ती नळाशी बसून राहिली आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेली. विसाव्या मिनिटाला १३३८. पंचविसाव्याला १३०२. तिसाव्याला ११९०. आकडा उतरू लागला तेव्हा तिला वाटले होते की निदान तर्क खरा ठरल्याचे तरी काही वाटेल. पस्तिसाव्याला १०६५. आत भांड्याचा आवाज आला नाही, रेडिओ लागला नाही. चाळिसाव्याला ९४०. गोदामासमोर एक टेम्पो येऊन थांबला, वळला, गेला. पंचेचाळिसाव्याला ८७२. तिने दुसरी बाटली भरली, पंप बंद केला आणि खटक्यावरचे पाणी पुसले.

दाराशी जाऊन ती म्हणाली, “काका, येते मी.”

काका बाहेर आले नाहीत. आतून आवाज आला. “उद्या संध्याकाळी कागद आणशील की फोनवर सांगशील?”

“कागद आणीन.”

“आण. शिक्का कोणताही असो, घेऊन तूच ये. त्या झोपाळू ड्रायव्हरच्या हातून नको.” मग थोड्या वेळाने, “आणि पाण्याची एक बाटली आण येताना. तुझ्या तिकडची. चहाला लागेल.”

गाडीत ड्रायव्हर झोपलेला होता. तिने त्याला उठवले नाही, पेटी मांडीवर घेऊन बसली. तो आपोआप जागा झाला, तिच्याकडे पाहिले आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती सगळ्यांच्या आधी पोचली. या चाचणीत पाण्यात एक अभिकर्मक घालतात. क्रोमियम असेल तर पाणी गुलाबी-जांभळे होते, आणि रंग किती गडद झाला ते यंत्र मोजते. तिने चार काचनळ्या ओळीने लावल्या. अभिकर्मक घातला, घड्याळ लावले, दहा मिनिटे थांबली. डोळ्यांनी पाहून अंदाज करायचा नाही असे तिला शिकवले होते, म्हणून ती दहा मिनिटे खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाई आल्या, पर्स खुर्चीला अडकवली आणि शेजारी येऊन उभ्या राहिल्या. घड्याळ वाजले. तिने काचनळ्या एकेक करून यंत्रात ठेवल्या, प्रत्येकीचे वाचन तीनदा घेतले आणि सरासरी वहीत उतरवली.

कोरे पाणी : ०.०००.

मुद्दाम ०.०५० घातलेले पाणी : ०.०५१.

सतरा नंबर, उपसा पंचेचाळीस मिनिटे : ०.०१८.

सतरा नंबर, उपसा चौदा मिनिटे : ०.०६३ मिलिग्रॅम प्रति लिटर.